परकीय भाषेचा पडद्यावरचा वर्ग : सोय नेमकी कोणाची?

१९०८ ते १९१४ ही सहा वर्षे लोकमान्य टिळक मंडालेच्या तुरुंगात होते. 'गीतारहस्य' तेथे लिहिले गेले, हे आपल्याकडे शाळकरी मुलालाही ठाऊक असते. मात्र त्याच कोठडीत पन्नाशी उलटलेल्या या राजबंद्याने जर्मन आणि फ्रेंच या भाषांचाही अभ्यास केला, ही गोष्ट तितकीशी सांगितली जात नाही. शिक्षक नाही, वर्ग नाही, सहाध्यायी नाही. जवळ होती ती केवळ पुस्तके आणि अभ्यासाचा निर्धार. पाश्चात्त्य विद्वानांचे ग्रंथ त्यांच्या मूळ भाषेत वाचता यावेत, एवढाच त्यामागील हेतू होता.

याच्या अगदी उलट दिशेचे उदाहरण मॅक्स म्यूलर यांचे. त्यांच्या मतांविषयी आपल्याकडे तीव्र मतभेद आहेत आणि ते असण्यास कारणेही आहेत. परंतु या माणसाने लाइपझिग आणि पॅरिस येथे संस्कृत शिकून, ऑक्सफर्डला बसून सायणभाष्यासह ऋग्वेदाचे संपादन केले, १८४९ ते १८७४ अशी पंचवीस वर्षे त्या कामास दिली आणि आयुष्यात एकदाही भारतभूमीवर पाऊल ठेवले नाही, हेही तितकेच खरे आहे. १८९८ साली लोकमान्यांची तुरुंगातून सुटका व्हावी म्हणून सरकारकडे अर्ज करणाऱ्यांत ते होते. जर्मनीच्या ग्योथे इन्स्टिट्यूटच्या भारतातील केंद्रांना याच मॅक्स म्यूलरचे नाव दिलेले आहे.

म्हणजे परकीय भाषा दुरून शिकणे ही काही संगणकाने आणलेली नवी गोष्ट नव्हे. टिळकांनी मंडालेत केले ते दूरशिक्षणच होते. फरक एवढाच की, ते शिक्षण डोळ्यांचे होते, जिभेचे नव्हते. ग्रंथ वाचण्यापुरती भाषा पुस्तकातून येऊ शकते. माणसाशी बोलण्याची भाषा माणसाकडूनच शिकावी लागते. आज परकीय भाषा शिकविणाऱ्या आपल्या संस्था 'ऑनलाईन' वर्गांचा जो विचार करीत आहेत, त्याच्या मुळाशी हाच भेद आहे. तो ध्यानात न घेता घेतलेला कोणताही निर्णय, मग तो होकाराचा असो वा नकाराचा, घाईचा ठरेल.

बैठकीतील दोन पक्ष

परकीय भाषा शिकविणाऱ्या पुण्यातील एका लहानशा संस्थेच्या कार्यकारिणीवर प्रस्तुत लेखक काही वर्षे काम करीत आहे. मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि इतर सर्वांप्रमाणे आमचेही वर्ग एका आठवड्यात पडद्यावर गेले. तो निर्णय नव्हता. ती निरुपाय म्हणून स्वीकारलेली तडजोड होती. त्या वर्षी जुलैमध्ये व्हावयाची जपानी भाषेची जेएलपीटी परीक्षा जगभर रद्द झाली, तरीही विद्यार्थी शिकत राहिले आणि शिक्षक शिकवीत राहिले. याबद्दल दोघांचेही कौतुकच केले पाहिजे.

खरा प्रश्न त्यानंतर आला. साथ ओसरली, बाके पुन्हा पुसली गेली, फळ्यावर पुन्हा खडू चालू लागला, तेव्हा बैठकीत दोन पक्ष पडले. एका पक्षाचे म्हणणे असे की, जागेचे भाडे, वीज, झाडलोट हा सारा खर्च आता कशासाठी करावयाचा? सर्वच वर्ग कायमचे पडद्यावर न्यावेत; एका वर्गात वीसऐवजी साठ विद्यार्थी बसतील, संस्था आर्थिकदृष्ट्या सुदृढ होईल. दुसऱ्या पक्षाचे म्हणणे याच्या नेमके उलट होते. पडद्यावर भाषा शिकविणे म्हणजे विद्येची विटंबना आहे, ते थांबवावे आणि संस्थेने आपल्या जुन्या लौकिकाला जपावे.

दोन्ही बाजूंना बोलणारी माणसे प्रामाणिक होती. परंतु ऐकताना एक गोष्ट सारखी खटकत होती. दोन्ही पक्ष बोलत होते ते संस्थेविषयी, तिच्या खर्चाविषयी अथवा तिच्या लौकिकाविषयी. ज्याच्यासाठी वर्ग भरवावयाचा, तो विद्यार्थी त्या चर्चेत कोठेच नव्हता. हा वर्ग पडद्यावर नेल्याने कोणासाठी दार उघडणार आहे, हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. प्रस्तुत लेखाचे प्रयोजन एवढेच आहे की, तो प्रश्न प्रथम विचारावा.

तबकडीपासून पडद्यापर्यंत

भाषाशिक्षणात प्रत्येक नव्या यंत्राचे स्वागत असेच मोठ्या अपेक्षेने झालेले आहे. लंडनमध्ये १९०१ साली स्थापन झालेल्या लिंग्वाफोन या संस्थेने ध्वनिमुद्रित धडे विकण्यास प्रारंभ केला, तेव्हा घरात शिक्षक आला असेच लोकांना वाटले असणार. बीबीसीने १९४३ पासून नभोवाणीवर इंग्रजीचे धडे दिले. जर्मनीच्या डॉइचे वेलेने आणि जपानच्या एनएचकेने आपापल्या भाषांचे धडे जगभर प्रसारित केले. एनएचकेचे धडे तर हिंदीतूनही ऐकता येत. आपल्याकडेही यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून घरी बसून शिकणाऱ्यांसाठी कार्यरत आहे आणि केंद्र शासनाचे 'स्वयम्' हे व्यासपीठ २०१७ पासून उपलब्ध आहे.

या सर्व साधनांनी पुष्कळ दिले. परंतु एक गोष्ट त्यांपैकी कोणालाच देता आली नाही. तबकडी बोलत असे, ऐकत नसे. नभोवाणीचा शिक्षक उच्चार करून दाखवी, पण श्रोत्याने तो चुकीचा केला तर त्याला ते कळण्याचा मार्ग नव्हता. कानाची सोय झाली, जीभ मात्र अनाथच राहिली. पडद्यावरच्या प्रत्यक्ष वर्गाचे वैशिष्ट्य नेमके येथे आहे. विद्यार्थ्याचा आवाज शिक्षकापर्यंत त्याच क्षणी पोहोचतो आणि दुरुस्ती करणे शक्य होते. ध्वनिमुद्रित धडे विकून त्यांना 'ऑनलाईन वर्ग' म्हणणाऱ्यांनी या साधनाचे हे एकमेव नवे सामर्थ्यच टाकून दिलेले असते. त्यांनी आणलेली तबकडी जुनीच असते. फक्त तिच्यावरचे वेष्टन नवे असते.

पडद्याने दिले ते आणि नेले ते

मग पडदा पुरेसा आहे काय? अनुभव असा की, काही बाबतीत तो वर्गापेक्षाही सरस ठरतो. जर्मन भाषेत एक स्वर असा आहे की, तो उच्चारताना ओठ 'उ'कारासारखे गोल करावयाचे आणि जीभ 'ई'च्या जागी ठेवावयाची. शेवटच्या बाकावरच्या विद्यार्थ्याला शिक्षकाचे ओठ कधीच नीट दिसत नाहीत. पडद्यावर मात्र ते प्रत्येकाला हातभर अंतरावर दिसतात. जपानी कांजी लिहिताना कोणती रेघ आधी व कोणती नंतर, हेही फळ्यापेक्षा पडद्यावर स्वच्छ दाखविता येते.

परंतु गमावले तेही थोडेथोडके नाही. आपल्या वेदपाठशाळांत संथा कशी दिली जाते हे ज्यांनी पाहिले आहे, त्यांना समूहाने म्हणण्याचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. गुरुजींनी म्हणावे, शिष्यांनी एकमुखाने म्हणावे. त्यात बुजऱ्या मुलाचा आवाज इतरांच्या आवाजाच्या आधाराने बाहेर पडतो. परकीय भाषेच्या पहिल्या पायरीवरही हेच घडते. पडद्यावर मात्र वीस जणांनी एकत्र म्हटले की, प्रत्येकाचा आवाज वेगळ्या क्षणी पोहोचतो, यंत्र त्यांतील काही दाबून टाकते आणि ऐकू येतो तो केवळ गलका. म्हणून शिक्षक सर्वांचे ध्वनिक्षेपक बंद ठेवावयास सांगतो. पाहता पाहता तोंडाने शिकावयाची विद्या मौनात शिकली जाऊ लागते.

ध्वनीचेही तसेच. जपानीत 'ओबासान' म्हणजे मावशी वा आत्या आणि 'ओबाआसान' म्हणजे आजी. फरक केवळ स्वराच्या लांबीचा. ऱ्हस्वदीर्घाचे संस्कार असलेल्या मराठी कानाला हा भेद सहज कळावा. परंतु आंतरजालाची गती अडखळली की, आवाज तुटतो अथवा ताणला जातो आणि मावशीची आजी होते. जपानी संभाषणात समोरचा बोलत असताना मधून मधून हुंकार देत राहणे हा शिष्टाचाराचा भाग आहे. त्यास 'आइझुचि' असे म्हणतात. आपल्याकडे गोष्ट ऐकताना 'हूं' म्हणावयाचे असते, तसेच काहीसे. ध्वनिक्षेपक बंद ठेवून बसलेल्या वर्गात हा हुंकार शिकविणार कसा?

आणि सर्वांत मोठी हानी डोळ्यांना न दिसणारी आहे. आमच्या एका जर्मन वर्गात तळकोकणातील एक परिचारिका होती. रात्रपाळी संपवून सकाळी सात वाजता ती रुग्णालयातूनच वर्गाला बसे. तिचा कॅमेरा नेहमी बंद असे. तिचे लक्ष नसावे, असा शिक्षिकेचा समज झाला. प्रत्यक्षात ती एकही तास चुकवीत नव्हती. तिचा गृहपाठ वेळेवर येई. परीक्षेत वाचन, श्रवण आणि लेखन या तिन्हींत ती उत्तीर्ण झाली. संभाषणाच्या भागात मात्र परीक्षकासमोर बसल्यावर तिच्या तोंडून शब्द फुटेना. "बाई, मी जर्मन आजवर कोणाच्या तोंडाकडे बघून बोललेच नव्हते," असे तिने नंतर आमच्या शिक्षिकेला सांगितले. तो दोष तिचा नव्हता. तो आमच्या वर्गाचा होता आणि तो आम्ही मान्य केला पाहिजे.

दारात कोण उभे आहे?

या परिचारिकेमुळेच पडद्यावरचा वर्ग बंद करावा, या मताला आमच्यापैकी काहींनी आपला पाठिंबा काढून घेतला. हे विधान विपरीत वाटेल, म्हणून थोडे स्पष्ट करतो. पडदा नसता तर ती संभाषणात अनुत्तीर्ण झाली नसती, हे खरे. कारण ती वर्गात आलीच नसती. नोकरी सोडून पुण्यास येऊन राहणे, खोलीचे भाडे आणि खानावळ भरणे तिला शक्य नव्हते.

आजवर महाराष्ट्रात परकीय भाषा शिकणे ही मोठ्या शहरांची मिरास राहिली आहे. पुण्याचे रानडे इन्स्टिट्यूट, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा जपानी विभाग, पुण्यामुंबईची मॅक्स म्यूलर भवने, आलियाँस फ्राँसेज ही केंद्रे नामवंत आहेत. त्यांनी अनेक पिढ्या घडविल्या. परंतु उदगीरच्या, वणीच्या वा कणकवलीच्या मुलाने काय करावे, या प्रश्नाला 'पुण्यास यावे' याखेरीज दुसरे उत्तर आपल्यापाशी नव्हते.

नेमकी हीच मुले आज दारात उभी आहेत. जपानने २०१९ च्या एप्रिलमध्ये विशिष्ट कौशल्यधारक कामगारांसाठी प्रवेशपरवाना सुरू केला आणि भारताशी त्याविषयीचा सहकार्य करार जानेवारी २०२१ मध्ये झाला. वृद्धांची शुश्रूषा, शेती, बांधकाम अशी क्षेत्रे त्यात आहेत. जर्मनीने ऑक्टोबर २०२४ मध्ये कुशल भारतीयांसाठीच्या वार्षिक प्रवेशपरवान्यांची मर्यादा वीस हजारांवरून नव्वद हजारांवर नेण्याची घोषणा केली. त्याच वर्षी फेब्रुवारीत महाराष्ट्र शासन आणि जर्मनीतील बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी सामंजस्य करार झाला. या साऱ्यातील समान अट एकच आहे आणि ती म्हणजे भाषा. शिवाय २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने माध्यमिक स्तरावर कोरियन, जपानी, फ्रेंच, जर्मन, स्पॅनिश, पोर्तुगीज, रशियन इत्यादी भाषा शिकण्याची संधी मिळावी असे म्हटले आहे. तालुक्याच्या शाळेत त्यांचे शिक्षक कोठून येणार? पडद्याखेरीज नजीकच्या काळात तरी दुसरा मार्ग दिसत नाही.

कोणी म्हणेल, आता भाषांतर करणारी यंत्रे आली आहेत. भाषा शिकण्याचे कष्ट हवेत कशाला? कागदपत्रांपुरते हे ठीक आहे. परंतु मध्यरात्री वेदनेने कण्हणारी जर्मन आजी आपल्या परिचारिकेने खिशातून यंत्र काढीपर्यंत थांबणार नाही. आजारी माणसाला आधार हवा असतो तो समोरच्या माणसाच्या आवाजाचा.

येथे एक धोक्याची सूचनाही केली पाहिजे. गरज निर्माण झाली की, बाजार मांडला जातो. 'तीन महिन्यांत जपानी, नोकरीची हमी' असे फलक तालुक्याच्या एसटी स्थानकापर्यंत पोहोचले आहेत. जपानीच्या जेएलपीटी या परीक्षेत शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण तपासले जाते. संभाषण मुळीच तपासले जात नाही, हे पालकांना सहसा माहीत नसते. त्यामुळे मुलगा परीक्षा उत्तीर्ण होतो, पण बोलू शकत नाही. शेतीचा तुकडा गहाण टाकून भरलेले शुल्क आणि परदेशी पोहोचल्यावर ओढवणारे मुकेपण, हे त्याचे पर्यवसान असू शकते. चांगल्या संस्थांनी हात आखडता घेतला, तर ही मोकळी जागा असेच लोक भरणार, यात शंका नाही.

मराठीच्या वाटेने

आपल्या संस्था काही वेगळे देऊ शकतात काय? देऊ शकतात, आणि ते त्यांच्याजवळच आहे. ते म्हणजे मराठी. आज बहुतेक ऑनलाईन अभ्यासक्रम परकीय भाषा शिकवितात त्या इंग्रजीतून. मराठी माध्यमातून शिकलेल्या मुलाला त्यामुळे दुहेरी ओझे वाहावे लागते. आधी इंग्रजी समजून घ्यावयाचे, मग त्यातून जर्मन.

वस्तुतः हा वळसा अनावश्यक आहे. 'मी घरी पुस्तक वाचतो' हे वाक्य जपानीत 'वाताशि वा उचि दे होन ओ योमु' असे होते. आधी मी, मग घर, मग पुस्तक, शेवटी वाचणे. शब्दांचा क्रम जसाच्या तसा. 'वा', 'दे', 'ओ' हे शब्द आपल्या विभक्तिप्रत्ययांप्रमाणे नामामागून येतात. मराठी विद्यार्थ्याने हे वाक्य इंग्रजीतून शिकावे म्हणजे सरळ रस्ता सोडून उलटे जाऊन परत यावे, तसे आहे.

जर्मनमध्ये तीन लिंगे आहेत आणि इंग्रजीतून येणारा विद्यार्थी त्यांनी गांगरून जातो. आपल्याला तो, ती, ते नवे नाहीत. जर्मनमध्ये लहानपण दाखविणारा 'खेन' हा प्रत्यय लागला की, नाम नपुंसकलिंगी होते; आपल्याकडेही लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू ही सारी 'ते' असतात. जर्मन 'झेड' या अक्षराचा उच्चार मराठी मुलाने 'चाक', 'चुना' यांतील 'च'च्या आधाराने एका दिवसात आत्मसात करावा. जपानी 'त्सु'चेही तसेच. मोठ्यांशी आदराने आणि समवयस्कांशी सलगीने बोलण्याचे भेद जर्मनमध्ये आहेत, जपानीत तर फारच बारकाईने आहेत. तू, तुम्ही, आपण यांत वाढलेल्या मुलाला ते समजावून सांगावे लागत नाहीत, केवळ दाखवून द्यावे लागतात.

मराठीतून शिकविणारा शिक्षक पुण्यात असेल आणि विद्यार्थी उमरग्यात. ही दोन टोके आजवर जुळत नव्हती. पडद्याने ती जुळू शकतात. परकीय भाषा आपल्या भाषेच्या आधाराने शिकणारा विद्यार्थी आपली भाषाही अधिक डोळसपणे पाहू लागतो, हा आणखी एक लाभ. दुसऱ्याची भाषा उत्तम येणे आणि स्वतःच्या भाषेचा अभिमान असणे यांत विरोध नाही, हे मंडालेच्या त्या विद्यार्थ्याने केव्हाच सिद्ध केले आहे.

वर्ग एकत्र बसला पाहिजे

आता व्यवहाराकडे वळू. प्रत्येक विद्यार्थ्याने आपापल्या घरी, आपापल्या भ्रमणध्वनीवर, कॅमेरा बंद करून एकट्याने बसावे, हे आजच्या ऑनलाईन वर्गाचे सर्वसाधारण चित्र आहे. वर सांगितलेल्या बहुतेक दोषांचे मूळ पडद्यात नाही, या एकटेपणात आहे. म्हणून आमची पहिली सूचना अशी की, शिक्षक दूर असला तरी विद्यार्थ्यांनी एकत्र बसावे. तालुक्याच्या गावी एखाद्या शाळेची खोली सायंकाळी रिकामी असतेच. तेथे एक मोठा पडदा, एक चांगला ध्वनिक्षेपक आणि पंधरा विद्यार्थी एवढे पुरेसे आहे. मग संथा पुन्हा शक्य होते, कारण समूहस्वर त्या खोलीतच उमटतो. जोड्या करून संवाद करता येतात. समोरच्याच्या तोंडाकडे बघून बोलण्याची भीड तेथेच मोडते. संस्कृत भारतीच्या दहा दिवसांच्या संभाषण शिबिरांत ज्यांनी भाग घेतला आहे, त्यांना अशा एकत्र बोलण्याने अबोल माणूसही कसा बोलता होतो, याचा अनुभव असेल.

दुसरी सूचना संख्येची. पडद्यावर साठ जण बसतात म्हणून साठ बसविणे ही शिक्षणाची नव्हे, तिकीटविक्रीची दृष्टी आहे. प्रत्येक तासाला प्रत्येक विद्यार्थी किमान चार-पाच वेळा बोललाच पाहिजे, हा हिशेब धरून वर्गाची संख्या ठरवावी. ध्वनिमुद्रण ठेवावे ते उजळणीसाठी, तासाला पर्याय म्हणून नव्हे.

तिसरी सूचना प्रत्यक्ष भेटीची. महिन्यातून एक रविवार शिक्षकाने त्या गावी जावे, अथवा आसपासच्या दोन-तीन गटांना एका ठिकाणी बोलवावे. संभाषणाची चाचणी त्याच दिवशी, समोरासमोर घ्यावी. आपल्याकडे प्रवासाची परंपरा असलेल्या कार्यकर्त्यांना एका दिवसाच्या प्रत्यक्ष सहवासाचे मोल सांगण्याची गरज नाही. महिनाभराच्या पडद्याला तो दिवस अर्थ देतो.

चौथी सूचना परदेशस्थ मराठी बांधवांसाठी आहे. जर्मनी आणि जपान येथे स्थायिक झालेली अनेक मराठी कुटुंबे 'गावासाठी काही करावेसे वाटते' असे म्हणतात. त्यांनी आठवड्यातून एक तास द्यावा. आपल्याकडे रात्री आठ वाजता जर्मनीत उन्हाळ्यात दुपारचे साडेचार आणि हिवाळ्यात साडेतीन वाजलेले असतात. जपानसाठी रविवारी सकाळी सात ही वेळ सोयीची, कारण तेथे साडेदहा वाजलेले असतात. त्यांनी व्याकरण शिकवू नये, ते शिक्षकाचे काम आहे. त्यांनी केवळ गप्पा माराव्यात. बाजारात काय बोलतात, वरिष्ठाला सुट्टी कशी मागतात, शेजारच्या आजीला काय म्हणतात, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

या साऱ्याला खर्च येईल. भाड्याची बचत होईल असे समजून ऑनलाईनकडे वळणाऱ्या संस्थाचालकांची त्यामुळे निराशाही होईल. होऊ द्यावी. ज्या संस्थेला केवळ बचत करावयाची आहे, तिने या फंदात न पडलेले बरे. जिला दूरच्या विद्यार्थ्यापर्यंत जावयाचे आहे, तिने शहरातील वर्ग चालू ठेवून, त्याच्या जोडीला हा दुसरा वर्ग उभा करावा.

आमच्या संस्थेने एवढे मान्य केले आहे. पुण्यातील वर्ग राहतील आणि एका तालुक्याच्या गावी पहिला गट बसेल. तेथे आम्हाला फार मोठे साहाय्य नको आहे. पडदा मिळेल, शिक्षक मिळेल, विद्यार्थी तर वाटच पाहत आहेत. हवा आहे तो एक माणूस. त्याला जर्मन येण्याची गरज नाही. शाळेच्या खोलीची किल्ली त्याच्यापाशी असावी. सायंकाळी सहाच्या आधी पाच मिनिटे त्याने कुलूप उघडावे, वीज आहे ना हे पाहावे, कोण आले नाही त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जाऊन यावे. वाचकहो, आपल्या गावात असा माणूस कोण, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक असणार? कदाचित तो माणूस आपणच असाल.